लीड्सची ‘बुस’ आणि आपल्या घरातला ‘ग्लास’

प्रश्न असा आहे: “मी मिरजेत नर्सिंग केलं. इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळाले आणि तीन आठवड्यांपूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सच्या एका रुग्णालयात रुजू झाले. इथे लोक बसला ‘बुस’ म्हणतात, बाथला ‘बॅथ’. वॉर्डात एक डॉक्टर लंडनचे, एक सिस्टर आयर्लंडची, फिजिओथेरपिस्ट न्यूझीलंडचा. प्रत्येकाचं इंग्रजी निराळं. दिवसातून दहा वेळा ‘सॉरी?’ म्हणावं लागतं आणि फार लाज वाटते. यातला बरोबर उच्चार कुणाचा? मी माझा उच्चार बदलू का?”

गेली बावीस वर्षं मी पुण्यात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम करते. परदेशातले डॉक्टर रुग्णाविषयी बोलून ठेवतात, आम्ही हेडफोन लावून ते ऐकतो, पायाखालच्या पेडलने मागे-पुढे नेतो आणि टाइप करतो. पहिली नऊ वर्षं माझ्याकडे अमेरिकेचं काम होतं, मधली दोन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं, आणि त्यानंतर आजवर ब्रिटनचं. बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, त्याला परत विचारता येत नाही, आणि चूक झाली तर औषधाची मात्रा बदलते. त्यामुळे तुमची लाज मला चांगली ठाऊक आहे. पहिल्या महिन्यात टेक्सासच्या एका डॉक्टरांच्या फाइलमध्ये ‘टिन मिलिग्रॅम’ ऐकून मी अर्धा तास ‘टिन’ नावाचं औषध शोधत होते. ते ‘टेन’ म्हणत होते, दहा. अमेरिकेच्या दक्षिण भागात म आणि न यांच्या आधीचा ‘ए’ आणि ‘इ’ एक होऊन जातात. ‘पेन’ आणि ‘पिन’ सारखेच ऐकू येतात. तो माणूस चुकत नव्हता. त्याच्या गावात सगळेच तसं बोलतात, आणि दर वेळी तसंच बोलतात. हे ‘दर वेळी तसंच’ लक्षात आलं त्या दिवशी माझं काम सोपं झालं. तुम्हाला सांगायचं आहे तेही मुख्यतः हेच.

तुमच्या ‘बुस’पासून सुरुवात करते. शाळेत आपण सगळ्यांनी बाईंना एकदा तरी विचारलेलं असतं की बी-यू-टी ‘बट’, तर पी-यू-टी ‘पुट’ का? बाई म्हणायच्या, इंग्रजी तसंच आहे, पाठ करा. त्या प्रश्नाचं खरं उत्तर तुम्ही आज ज्या गावात राहता तिथे मिळतं. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी सगळ्या इंग्लंडमध्ये या दोन्ही शब्दांत एकच ऱ्हस्व उकार होता. पुट तसं बुट. सतराव्या शतकात दक्षिणेकडे, लंडनच्या बाजूला, या उकारातला ओठांचा चंबू सुटत गेला आणि त्याचा आपल्या ‘अ’सारखा उच्चार होऊ लागला: कप, लव्ह, ब्लड, सन. पण प, ब, फ, व अशा ओठांवरच्या व्यंजनांच्या शेजारी, जिथे ओठ आधीच कामाला लागलेले असतात, तिथे बऱ्याच शब्दांत जुना उकार टिकला. म्हणून पुट, पुश, पुल, बुल, फुल, वुल्फ हे तसेच राहिले. बदल सगळीकडे सारखा पोचला नाही. ‘बट’ बदलला, ‘पुट’ राहिला, आणि शाळेतल्या मुलांना कोडं पडलं.

उत्तर इंग्लंडपर्यंत हा बदल पोचलाच नाही. पश्चिमेच्या सेव्हर्न नदीपासून पूर्व किनाऱ्यावरच्या वॉश नावाच्या आखातापर्यंत ढोबळ रेघ ओढली, तर तिच्या वर अजूनही ‘कुप’, ‘लुव’, ‘ब्लुड’, ‘सुन’ असंच ऐकू येतं. ‘बस’ हा शब्द तर एकोणिसाव्या शतकातला, ‘ऑम्निबस’चं शेपूट तोडून केलेला. तो उत्तरेत आला आणि तिथल्या घराचा स्वर घेऊन ‘बुस’ झाला. एखादी आजी तुम्हाला ‘लुव’ म्हणून हाक मारते ना, तिच्या तोंडात शेक्सपिअरच्या काळचा स्वर आहे. लंडनच्या डॉक्टरांचा ‘अ’ त्यामानाने नवा आहे.

आता ‘बॅथ’. इथे पुरावा शोधायला इंग्लंडला जायची गरज नाही, मिरजेच्या स्वयंपाकघरात तो आहे. आपण गॅसवर चहा ठेवतो आणि ग्लासात पाणी देतो. इंग्रजीत दोन्ही शब्द ‘ए’ आणि ‘एस’नेच लिहितात, मग एकात ‘ॅ’ आणि दुसऱ्यात ‘आ’ कसा? कारण आपल्याकडे रुजलेलं वळण दक्षिण इंग्लंडचं आहे. तिथे स, फ, थ यांच्या आधी, आणि ‘न’पुढे दुसरं व्यंजन असेल तिथेही, आखूड ‘ॅ’ लांबत जाऊन पुष्कळ शब्दांत ‘आ’ झाला. क्लास, पास, लास्ट, फास्ट, मास्तर, हाफ, चान्स, डान्स, ॲडव्हान्स हे सगळे त्यातले. पण हा बदलही अर्धवटच झाला: ‘गॅस’ सुटला, ‘ग्लास’ सापडला. मराठीने ते जसंच्या तसं उचलून ठेवलं. इंग्रजीचा हा इतिहास आपण रोज पाणी पिताना उच्चारतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. लीड्सला मात्र गॅस आणि ग्लॅस एकाच घरातले आहेत. खरं तर तिथला स्वर आपल्या ‘ॅ’पेक्षा तोंड जास्त उघडून म्हटलेला असतो, ‘ॅ’ आणि ‘आ’ यांच्या मधला, आखूड. लिहायला वेगळं अक्षर नाही म्हणून ‘ॅ’ लिहिते आहे. ‘फादर’, ‘हाफ’ आणि ‘कान्ट’ या शब्दांत मात्र लीड्सकरही लांब ‘आ’च म्हणतात. हे तीन लक्षात ठेवा, विशेषतः तिसरा. त्याच्याकडे पुढे येते.

अमेरिकेत ‘ग्लॅस’, ‘क्लॅस’ का म्हणतात तेही यातच आलं. तिकडे गेलेले वसाहतवाले हा बदल रुजण्याआधी निघाले होते, ते जुना आखूड स्वर बरोबर घेऊन गेले. ऑस्ट्रेलियाची वसाहत १७८८ ची, तोवर दक्षिणेत ‘आ’ पसरू लागला होता, म्हणून तिथे ‘ग्लास’ आहे. पण ‘डान्स’ म्हणायचं की ‘डॅन्स’, यावर ॲडलेडकर आणि सिडनीकर यांचं आजही जुळत नाही.

तुम्ही विचारता, बरोबर कुणाचा? जॉन वॉकर नावाचे लंडनचे एक गृहस्थ होते. आधी रंगभूमीवर नट, मग उच्चारांचे शिक्षक. १७९१ मध्ये त्यांनी उच्चारांचा कोश काढला आणि पुढे कित्येक वर्षं शिकलेल्या घरांत तो प्रमाण मानला गेला. ‘फास्ट’, ‘प्लांट’ यांमधला लांब ‘आ’ वॉकरना जवळजवळ गावंढळ वाटत होता! सभ्य माणसाने आखूड स्वर म्हणावा असं त्यांचं मत. पुढच्या शतकात वारं फिरलं. लांब ‘आ’ प्रतिष्ठितांचा झाला आणि आखूड स्वर उत्तरेच्या कामगारांचा ठरला. स्वर तोच, फक्त म्हणणाऱ्याचं घर बदललं. आपल्याला हे परकं नाही. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतल्या एका नाकातल्या व्यंजनावरून माणसाची जात, गाव, शिक्षण ठरवणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्यांना ‘आनी-पानी’वरून कुणीतरी हसलेलं आहे, त्यांना उत्तर इंग्लंडच्या माणसाचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या शेजारचंच उदाहरण देते. लीड्सपासून जवळ हॅलिफॅक्स नावाचं गाव आहे. तिथला विल्फ्रेड पिकल्स हा माणूस १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, बीबीसीवर राष्ट्रीय बातम्या वाचू लागला. तोवर बातम्या म्हणजे दक्षिणेच्या खासगी शाळांत घडलेला उच्चार, असंच समीकरण होतं. पिकल्स आपल्या यॉर्कशरच्या, म्हणजे लीड्स-हॅलिफॅक्सच्या परगण्याच्या, स्वरांत वाचायचा आणि शेवटी उत्तरेच्या लोकांना ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हणायचा. निवड करण्यामागचं एक कारण असं सांगितलं जातं की जर्मनांना या उच्चाराची नक्कल करून खोट्या बातम्या देणं अवघड जावं. श्रोत्यांनी तक्रारी केल्या. ज्यांच्या कारखान्यांवर आणि खाणींवर युद्ध चाललं होतं, त्यांच्या उच्चारात बातमी ऐकली की ती खरी वाटत नाही, असं लोकांनी लिहून कळवलं. म्हणून ‘बरोबर उच्चार’ या शब्दाला मी फार जपून हात लावते.

ज्या विद्यापीठाच्या आवारावरून तुम्ही कदाचित रोज जात असाल, त्या लीड्स विद्यापीठातल्या हॅरल्ड ऑर्टन यांनी मात्र या बोलींना फार प्रेमाने वागवलं. १९५० ते १९६१ या काळात त्यांच्या माणसांनी इंग्लंडभर ३१३ ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, जाऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलून नोंदी केल्या. प्रश्नावलीत तेराशेहून जास्त प्रश्न. शब्द वाचून दाखवायचा नाही, वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचं आणि ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारायचं, म्हणजे माणूस आपल्या तोंडचं बोलतो. वॉर्डात तुम्हीही असंच करू शकता. दुखण्याच्या जागेवर बोट ठेवून आजोबांना काय म्हणता विचारा, त्यांचा शब्द आणि स्वर दोन्ही मिळतील.

आता एक आनंदाची गोष्ट. दक्षिण इंग्लंडचा माणूस ‘गेट’ म्हणताना स्वर वाकवतो, ‘गेइट’ असं काहीतरी होतं. ‘नो’चं ‘नउ’ होतं. मराठी माणसाला ते जमवताना कष्ट पडतात आणि परीक्षेच्या क्लासमध्ये त्यावरून बोलणी बसतात. यॉर्कशरमध्ये पुष्कळांचा ‘ए’ सरळ ‘ए’ असतो आणि ‘ओ’ सरळ ‘ओ’: गेऽट, नोऽ, होऽम. स्कॉटलंडातही तसंच. तुम्ही घरून नेलेले ए आणि ओ लीड्सच्या रस्त्यावर जवळपास तसेच चालतील. ते मोडून लंडनचे घडवायला जाऊ नका.

तिथलं चटकन न कळणारं म्हणजे ‘ट’. दोन स्वरांच्या मध्ये, शब्द जोडताना, ‘ट’चा ‘र’ होतो. ‘गेट अप’चं ‘गेरुप’, ‘गेट ऑफ’चं ‘गेरॉफ’. रुग्ण ‘आय कान्ट गेरुप’ म्हणाला तर त्याला उठवत नाहीये. आणि नामाआधीचं ‘द’ आखडून नुसती घशातली एक अडखळ उरते, उचकी यावी तशी. ‘इन द बेड’मधला ‘द’ तुम्हाला ऐकू आला नाही तर तुमचा कान बिघडलेला नाही. शेजारच्या ब्रॅडफर्डला जुने लोक ‘ब्रॅटफर्ड’ म्हणतात. पुढचा ‘फ’ अघोष, म्हणून मागचा ‘ड’ही ‘ट’ होतो. मराठी बोलताना आपणही पुढच्या व्यंजनाच्या ओढीने मागचं व्यंजन असं बदलतो, फक्त लिहीत नाही.

तुमच्या वॉर्डातली आयर्लंडची सिस्टर ही खरं तर तुमची सगळ्यात सोपी शिक्षिका आहे. ‘थिंक’, ‘थ्री’ यांमधला इंग्रजी ध्वनी जीभ दातांत धरून वारा सोडल्यावर येतो. बहुतेक आयरिश लोक तिथे जीभ दातांना टेकवून आपल्या त-थ-दसारखाच ध्वनी काढतात. मराठी शाळेत ज्याला चूक म्हणतात ते डब्लिनमध्ये घरचं आहे. आयरिश लोक ‘र’ही सगळीकडे म्हणतात, आपल्यासारखाच. आणि सिनेमाला म्हणतात ‘फिलम’! ल आणि म यांच्या मध्ये एक इवलासा स्वर टाकायचा, कारण जोडाक्षर जिभेला जड. सांगलीच्या थिएटराबाहेर आणि कॉर्कच्या थिएटराबाहेर एकच शब्द ऐकू यावा, दोघांनी एकमेकांना न विचारता, ही मला या सगळ्या कामातली सुंदर गोष्ट वाटते.

न्यूझीलंडचा फिजिओ मात्र तुम्हाला त्रास देणार, आणि तो त्रास धोक्याचा आहे. तिथे तीन स्वर संगीतखुर्चीत उठून एकेक खुर्ची पुढे सरकले आहेत. ‘ॅ’ जाऊन ‘ए’च्या जागी बसला, त्यामुळे ‘ए’ उठून ‘इ’च्या जागी गेला, आणि ‘इ’ला जागा नाही म्हणून तो तोंडाच्या मध्यावर, ‘अ’जवळ गेला. म्हणून त्याचं ‘बेक’ म्हणजे बॅक, पाठ. ‘निक’ म्हणजे नेक, मान. ‘लिफ्ट लिग’ म्हणजे लेफ्ट लेग, डावा पाय. पाय उचला असं तो म्हणत नाहीये. ‘सक्स’ म्हणजे सिक्स. मी ते काम करत असताना पहिले पंधरा दिवस रडकुंडीला आले होते. मग कागदावर तीन खुर्च्या काढल्या, बाण दाखवले आणि समोर चिकटवल्या. एक शब्द पकडला की त्या स्वराचे सगळे शब्द पकडले जातात, कारण सगळं कुटुंब एकदम सरकलेलं असतं. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ मध्ये इंग्रजी शब्दांची अशी चोवीस स्वरकुटुंबं मांडली आणि प्रत्येकाला एका नमुना-शब्दाचं नाव दिलं. आजही या क्षेत्रातले लोक ‘बाथचे शब्द’, ‘फुटचे शब्द’ असंच बोलतात. तुम्हीही शब्द एकेकटा पाठ करू नका, त्याचं कुटुंब ओळखा.

लंडनच्या डॉक्टरांविषयी थोडक्यात. तरुण असतील तर ‘ट’ घशात गिळतील, ‘बॉटल’मधला ट ऐकू येणार नाही. ‘मिल्क’मधला ‘ल’ उकाराकडे झुकेल, ‘मिउक’. ‘र’ शब्दाच्या शेवटी किंवा व्यंजनाआधी नसेलच, ‘वॉर्ड’ म्हणजे ‘वॉऽड’. पण जिथे लिहिलेला नाही तिथे येईल. ‘इंडिया अँड पाकिस्तान’ ऐकताना ‘इंडियार अँड’ ऐकू येईल. दोन स्वर जोडायला ते ‘र’चा टाका घालतात.

या ‘र’वरूनच मला तुमच्या लाजेकडे यायचं आहे. शब्दाच्या शेवटचा ‘र’ लंडनमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस विरत चालला होता, वॉकरनीच त्याची नोंद केली आहे. न्यूयॉर्कनेही तो टाकला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘र’ म्हणणं प्रतिष्ठेचं होऊ लागलं. विल्यम लबॉव्ह या अभ्यासकाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत एक साधी गोष्ट केली. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी पाहून ठेवायचं, मग खालच्या विक्रेत्याला ती वस्तू कुठे आहे विचारायचं. उत्तर येणार ‘फोर्थ फ्लोर’. दोन शब्द, दोन ‘र’. सॅक्स या महागड्या दुकानात ६२ टक्के लोकांनी कुठे ना कुठे ‘र’ म्हटला, मेसीजमध्ये ५१ टक्के, आणि स्वस्तातल्या क्लाइन दुकानात विसाच्या आसपास. एकूण २६४ माणसं. हे आकडे पुष्कळांना माहीत असतात. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. उत्तर मिळाल्यावर लबॉव्ह थोडं पुढे वाकून, नीट ऐकू न आल्यासारखं, ‘एक्स्क्यूज मी?’ म्हणायचा. मग माणूस तेच दोन शब्द जपून, ठासून म्हणायचा, आणि त्या दुसऱ्या वेळी ‘र’ जास्त यायचा.

म्हणजे परत विचारलं की माणसाचा उच्चार बदलतो. तो सावकाश, लिखित इंग्रजीच्या जवळ येतो. तुमचं ‘सॉरी?’ हे एका मोठ्या अभ्यासकाचं मुख्य हत्यार होतं. मला हेडफोनमधल्या माणसाला ते म्हणता आलं नाही, आणि मी किती वेळा हळहळले असेन! तुम्हाला म्हणता येतं. दिवसातून दहा वेळा नाही, वीस वेळा म्हणा.

जिथे विचारलंच पाहिजे अशा जागा आमच्या कामात ठरलेल्या आहेत. पहिली, ‘हायपो’ आणि ‘हायपर’. आपण र म्हणतो म्हणून आपल्याला हे दोन शब्द लांबचे वाटतात. र न म्हणणाऱ्याच्या घाईच्या बोलण्यात दोन्हींच्या शेवटी एक पुसट स्वर उरतो, आणि साखर कमी झाली की वाढली हे त्यावर ठरतं. आम्ही अशा वेळी अंदाज करत नाही, ब्लँक सोडतो आणि फाइल वर पाठवतो. तुम्ही ‘लो की हाय?’ असं सरळ विचारा. दुसरी, तेरा की तीस, पंधरा की पन्नास. आकडा एकेक करून परत म्हणा, ‘वन फाइव्ह’. अमेरिकन माणूस असेल तर एक खूण आहे: ‘थर्टी’मधला ट तो ड सारखा करतो, ‘थर्डी’, ‘थर्टीन’मध्ये ट नीट ऐकू येतो. तिसरी, ‘कॅन’ आणि ‘कान्ट’. ब्रिटिश बोलण्यात स्वरच वेगळा, त्यामुळे लीड्सला तुम्ही सुरक्षित आहात. अमेरिकन डॉक्टर दोन्हींत ‘ॅ’ म्हणतात आणि शेवटचा ट खातात. तिथे जोर कुठे आहे ते ऐकायचं. चालता येतं, तर ‘कन’ पुसट आणि ‘वॉक’वर जोर. येत नाही, तर ‘कॅन’वरच जोर.

काही शब्द तुम्हाला मिरजेतल्यापेक्षा वेगळे ऐकू येतील: मायग्रेनला ‘मीग्रेन’, सर्व्हिकलला ‘सर्व्हायकल’, लॅबोरेटरीला ‘लबॉरटरी’. आठवडाभरात सवय होईल. काही ब्रिटिश उच्चार तर आपल्या बोटाला धरूनच आलेत. लेफ्टनंट, शेड्यूल, गॅरेज; अमेरिकेत हेच लूटेनंट, स्केज्युल आणि गराज होतात.

आता तुमचा उच्चार. बदलू नका, पण तीन जागा जपा, कारण तिथे समोरच्याचा गैरसमज होतो. सगळ्यात महत्त्वाची ‘प’. शब्दाच्या सुरुवातीला इंग्रज प म्हणताना ओठांतून वाऱ्याचा एक फुंकर सोडतो, तसाच ट आणि क म्हणतानाही. आपला प कोरडा असतो. इंग्रजी कानाला तो फुंकर नसला की ‘ब’ वाटतो. ‘पिल’ म्हणालात आणि ‘बिल’ ऐकलं गेलं, ‘पॅक’चं ‘बॅक’ झालं, तर कारण हे. तळहात तोंडापुढे धरून बघा, वारा लागला पाहिजे. दुसरी जागा व. आपण ‘व्हेन’ म्हणजे शीर आणि ‘व्हेन’ म्हणजे केव्हा, दोन्ही एकाच व ने म्हणतो. शिरेसाठी खालचा ओठ वरच्या दातांना लावा. ‘केव्हा’साठी, ‘वॉर्ड’साठी, ‘वॉटर’साठी ओठांचा चंबू करा, दात लावू नका. तिसरी जागा जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर वजन असतं आणि बाकीची पुसट होतात. वजन चुकलं तर सगळे स्वर बरोबर असूनही शब्द ओळखू येत नाही. नवीन औषधाचं नाव ऐकलं की आधी एवढंच बघा, ठोका कुठे पडला.

आणि एक वही ठेवा. मी २२ वर्षांपूर्वी सुरू केलेली अजून माझ्या टेबलावर आहे. ऐकलेला शब्द स्पेलिंगने लिहू नका, देवनागरीत लिहा. इंग्रजीचे स्वर धरता यावेत म्हणून तर आपण ॅ आणि ॉ ही चिन्हं वापरतो. कानाला ऐकू आलं तसं उतरवायला याहून चांगली लिपी तुमच्या हाताशी नाही. शेजारी म्हणणाऱ्याचं गाव लिहा. महिनाभरात कुटुंबं दिसायला लागतील. सुरुवात रुग्णांच्या पत्त्यांपासून करा, कारण ते फोनवर ऐकून लिहावे लागतात आणि स्पेलिंग मुळीच मदत करत नाही. तुमच्या जवळच के-ई-आय-जी-एच-एल-ई-वाय असं लिहिलेलं एक गाव आहे. पहिल्या पानावर लिहून ठेवा: त्याचा उच्चार ‘कीथली’.